पेटीतला रिकामा कोपरा

आत्यासमोर कुणी पिशवी कोंबून भरू लागलं की तिचे हात शिवशिवायचे. मग ती पिशवी घरची असो की अनोळखी माणसाची. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात आम्ही मळ्यातला भाजीपाला घेऊन बसायचो. गिऱ्हाईक पैसे देऊन पिशवी उचलायला लागलं की आत्या ओरडायची, "थांब व माय, टमाट्याच्या बोडख्यावर कोहळं ठेवलं तू." गिऱ्हाईक हो-नाही म्हणेपर्यंत पिशवी उपसून पुन्हा भरलेली असे, आणि त्यात आमच्याकडून घेतलेला माल थोडा नि बाकीच्या बाजाराचाच जास्त असे. एकदा तिनं एका फौजदारीणबाईंची पिशवी अशीच उपसली, तर तळातून कागदात गुंडाळलेली सुकट निघाली. फौजदारांचं घर माळकरी म्हणून गावभर ओळखलं जाई. आत्यानं ती पुडी काही न बोलता कोथिंबिरीखाली बसवली आणि वर दोन लिंबं फुकट ठेवली. मी शेजारी बसलो होतो म्हणून मला माहीत, एरवी तिनं हे कुणाला सांगितलं नसतं.

तिचं एकच म्हणणं असे. "बसव लेका, कोंबू नको."

बसवणं आणि कोंबणं यांतला फरक तिच्या लेखी पाप-पुण्याएवढा होता. आमची संत्री टोपल्यांत भरून नागपूरला जायची. बाकीच्या टोपल्या गडीमाणसं भरत, पण लांबच्या मालाच्या टोपल्यांना आत्याचाच हात लागे. खाली गवत, मग संत्र्यांचा थर, सगळ्यांचे देठ एका अंगाला, मग पुन्हा गवत. टोपली भरताना ती फळांशी बोलायची. "तू इकडं सरक. तुले जागा आहे ना, मंग काहून धकवून राहिला त्याले?" आमचे काका तसे तिचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, पण तेही म्हणत, "बाईच्या टोपलीतलं संत्रं बसून जाते, बाकीच्याईचं उभ्यानं."

पण तिची खरी ख्याती होती ती नवरीच्या पेटीसाठी. आमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत कुणाकडे मुलीचं लग्न ठरलं की मुलीची आई पत्र्याची पेटी घेऊन आमच्या परसदारी यायची. आत्या आधी ती पेटी उन्हात ठेवायची, मग तिच्यात तोंड घालून वास घ्यायची, मग तळाशी कडुनिंबाचा पाला आणि आमच्या संत्र्यांची वाळवलेली सालं अंथरायची. लुगडी-चोळ्या काय, कुणीही घालेल. आत्या घालायची ते निराळंच. सुई, दोरा, सुतळीचा गुंडा, ओवा, सुंठ, मीठ, काडेपेटी, जुन्या धोतराच्या धुतलेल्या चिंध्या, एक लहानसा अडकित्ता, पाणी प्यायला स्वतःचा गडवा. सगळं भरून झालं की ती नवरीला समोर बसवायची, तिच्या डोळ्यांवर स्वतःचा पदर बांधायची आणि म्हणायची, "सुई काढ." पोरगी चाचपडायची, हसायची, कधी रडायचीही. सुई हाताला लागेपर्यंत आत्या तिला उठू देत नसे. अंधारात आणि परक्या घरात, कुणाला न विचारता आपली वस्तू आपल्या हाताला लागली पाहिजे, हा तिचा कायदा.

आणि पेटी कितीही भरो, उजव्या हाताचा एक कोपरा ती रिकामा सोडायची. दोन्ही हात आत जातील एवढा. मुलीची आई कुरकुर करायची, इथं अजून एक चोळी मावते म्हणायची. आत्या ऐकत नसे. पहिल्या दिवाळीला मुलगी माहेरी आली की आत्या न बोलावता त्यांच्या घरी जायची आणि सगळ्यांच्या देखत त्या कोपऱ्यात हात घालायची. तिथं सासरचं काहीही निघालं, सासूनं बांधून दिलेले तीळ असोत की नणंदेनं घातलेल्या बांगड्या, तर आत्या म्हणायची, "रोप लागलं." कोपरा रिकामा निघाला तर गुपचूप पेटी मिटायची आणि आईला बाजूला घेऊन सांगायची, "पोरीले यंदा जरा जास्त राहू द्या." तिचा अंदाज चुकल्याचं मी ऐकलं नाही.

एवढं सगळं करूनही आत्या पाठराखीण म्हणून मात्र कधी कुणाबरोबर गेली नव्हती. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला घरची एक बाई जाते, चार दिवस राहते, पोरीला त्या घरात बसवते आणि मान घेऊन परत येते. तिला पाठराखीण म्हणतात. ती भाग्याची बाई लागते. आमची आत्या स्वतः सासरहून परत आली होती, लग्न झालं त्याच वर्षी. नवऱ्यानं पुढं दुसरी केली. का परत आली ते घरात कुणी बोलत नसे आणि आम्हा मुलांची विचारायची हिंमत नव्हती. लग्नघरात तिला मांडवात पुढं बोलावत नसत. पेटी परसदारी भरून घेत आणि पुढच्या दारानं दुसऱ्याच बाईबरोबर पाठवून देत. आत्या कुंपणाशी उभी राहून नवरीची दमणी, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, वळणाआड जाईपर्यंत बघायची. मला ते बघणं आवडत नसे. मी मुद्दाम तिच्याकडे काहीतरी खायला मागायचो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी मॅट्रिक झालो आणि हेडमास्तरांनी वडिलांना गाठून सांगितलं की मुलाला अमरावतीला कॉलेजात घाला. आमच्या घराला हा प्रकारच नवा होता. आमच्याकडून आजवर मुली बाहेर गेल्या होत्या, मुलगा कधीच नाही. मुलगा फार तर मळ्यात जागलीला जायचा. काकांचा तर उघड विरोध होता. मळ्यातले दोन हात कमी होणार, हे त्यांचं दुःख. वडील कमी बोलत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "दिवाळीलोक पाहू. जमलं तं जमलं, नाई तं मळा आहेच." अशी मला दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली.

मग प्रश्न आला, मुलाला पाठवतात कसं? हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्याला एकच पाठवणं ठाऊक होतं आणि तिनं त्याच पद्धतीनं तयारी सुरू केली. वडिलांनी बाजारातून पेटी आणली तीही नवरीचीच, कारण दुकानात दुसरी मिळत नव्हती. हिरव्या पेटीवर गुलाबाची फुलं आणि दोन पोपट, चोचीला चोच लावलेले. मी म्हटलं, "आत्या, हे पोपट खरवडून टाक ना." ती म्हणाली, "राहू दे. त्याईनं तुह्यं काय वाकडं केलं?"

तिनं पेटीला ऊन दिलं, वास घेतला, सालं अंथरली. माझी दोन धोतरं, सदरे, टोपी हे तिच्या मते किरकोळ सामान. खरा माल निराळा. सुई-दोरा, सुतळी, ओवा, सुंठ, चिंध्या, गडवा. कुंकवाचा करंडा घालायची रीत, म्हणून एक लाकडी करंडा घातला आणि कुंकवाऐवजी त्यात गुंड्या भरल्या. मग रुखवत. कुरड्या, पापड, सरगुंडे, रंगवलेल्या सांजोऱ्या. माझे डोळे बांधून मला सुई शोधायला लावली. मी चिडून हात घातला आणि बोटाला सुई टोचली, तर ती खूश झाली. "भेटली ना?" उजवा कोपरा अर्थातच रिकामा.

"संगं कोन जाईन?" आम्ही जेवत असताना तिनं विचारलं. पेरणीचे दिवस होते, वडिलांना हलता येत नव्हतं. मग तीच म्हणाली, "मी जाते. पाठराखीन नको का पोराले?"

काकांनी ताटावरची मान वर केली. "दादा, बाईले नको धाडू. ते गेल्या वाटेनं परत येते."

एवढं उघड मी घरात प्रथमच ऐकलं. आत्या भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. वडील म्हणाले, "मंग तू जातं का?" काका ताटावरून उठले. पण हात धुताना पुन्हा म्हणाले, "पोरगं चार दिवसांत घरी आलं तं मंग मले सांगू नका." तेव्हा मला कळलं की माझ्याबरोबर आत्याचंही काहीतरी पणाला लागलं आहे. मी टिकलो नाही तर बोल मला लागणार नव्हता, तिला लागणार होता.

मोटारीत आत्यानं पेटी टपावर टाकू दिली नाही. क्लीनरनं हुज्जत घातली, तर म्हणाली, "मले टाक टपावर, पेटी खाली राहू दे." शेवटी ती पेटीवरच बसून अमरावतीपर्यंत आली, आणि वाटेत एका वाण्याचं गाठोडं तिनं सोडून पुन्हा बांधून दिलं.

वसतिगृहाचे सुपरिंटेंडेंट हे गणिताचे प्राध्यापक होते, पुण्याकडचे, कोट-पगडीतले, मान खाली घालून चालणारे. आत्यानं त्यांना व्हरांड्यात गाठलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पिढीजात चालत आलेलं वाक्य म्हटलं, "पोरगं तुमच्या पदरात टाकलं. चुकलंमाकलं पोटात घाला."

सरांच्या अंगावर कोट होता, पदर कुठून आणणार? त्यांनी गोंधळून कोटाचा खिसा धरला आणि म्हणाले, "बरं, बरं."

"आता मी कुठी राहू?"

"आपण? बाई, हे मुलांचं वसतिगृह आहे. इथं स्त्रियांना राहता येत नाही."

"पाठराखीन आहो मी. पोरगं रुळल्याबिगर कशी जाऊ?"

पाठराखीण या संस्थेची नियमांच्या पुस्तकात काही तरतूद नव्हती. सर घाम पुसू लागले. आवारातच त्यांचं बिऱ्हाड होतं. तिथून त्यांच्या मातोश्री हे सगळं ऐकत होत्या. लाल आलवणातल्या, सोवळ्या-ओवळ्याच्या बाई. आम्ही मुलं पुढं त्यांना आजी म्हणत असू. त्या दारातूनच म्हणाल्या, "अरे, पडवी मोकळी आहे आपली. राहतील त्या तिथं. त्यांची चूल त्या मांडतील, माझी मी." त्या काळात हे म्हणणं वाटतं तेवढं सोपं नव्हतं. दोन चुली पडवीच्या दोन टोकांना पेटल्या आणि मधल्या जागेत दोघींच्या गप्पा सुरू झाल्या.

माझ्या खोलीत दुसरा मुलगा आधीच आला होता, अकोल्याच्या जठारपेठेतल्या वकिलांचा. कातडी सूटकेस, टेनिसची रॅकेट, दाढीचं चकचकीत सामान, दाढी मात्र अजून यायची होती. आत्या आत शिरताच तो अदबीनं उभा राहिला. तिनं त्याच्या उघड्या सूटकेसकडे एकदाच पाहिलं. "हे कोनं कोंबलं, बाप्पा?"

"मीच भरली, बाई."

"सरक."

त्याच्या सगळ्या कपड्यांच्या, अगदी सगळ्या कपड्यांच्या, तिनं पुन्हा घड्या घातल्या. तो कान लाल करून खिडकीबाहेर बघत राहिला. मग तिनं विचारलं, "चूल कुठी आहे?" जेवण तिकडच्या खानावळीत असतं, असं मी सांगितलं. बिनचुलीची खोली तिला पटेना. थोडा वेळ ती मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग तिनं कंदिलाची जागा ठरवली. "दिवा तेच चूल धरा." त्या कंदिलाभोवती तिनं सगळी खोली मांडली. खाटा हलवल्या, उशी अशा अंगाला की निजल्या-निजल्या दार दिसावं. सुतळीची दोरी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. पेटी खाटेखाली सरकवू दिली नाही, खिडकीखाली उघड्यावर ठेवली. आणि खिडकीच्या फळीवर मांडलं रुखवत.

तेवढ्यात खिडकीबाहेर मुलं जमली होती. पेटीतून एकेक वस्तू निघाली की बाहेर हशा. "सुई! अरे, सुतळी बघा! चिंध्या!" पोपट दिसले तेव्हा तर कुणीतरी शीळ घातली. संध्याकाळपर्यंत माझं नाव नवरी पडलं आणि आमच्या खोलीचं सासर. खानावळीत मी पाट घेतला की कुणीतरी म्हणे, "उखाणा घे." रुखवत मात्र त्याच लोकांनी चाटूनपुसून खाल्लं.

मी आतल्या आत रडकुंडीला आलो होतो. इंग्रजीत चालणारे तास डोक्यावरून जात. मुलांची पुणेरी, शहरी बोली ऐकून मी तोंडच उघडत नसे, कारण उघडलं की 'मले-तुले' बाहेर पडे आणि हशा होई. आत्या रोज सकाळी यायची, व्हरांड्यात बसायची, माझ्याकडे बघायची, काही विचारायची नाही. रविवारी दुपारी ती आली तेव्हा माझा धीर सुटला. मी म्हटलं, "आत्या, मले घरी ने."

काकांचे शब्द मला आठवत होते आणि तिलाही आठवत असणारच. मला वाटलं, आता ही समजूत घालेल, नाहीतर रागावेल. ती खोलीत आली, माझ्या खाटेवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "चाल."

"काका काय म्हनतीन?"

"म्हनतीन ते मले म्हनतीन. मले सवय आहे." मग म्हणाली, "तुले सांगते. तुह्या आजानं माही पेटी घाईघाईत भरली होती. माय नव्हती ना मले. वर चांगलं शालू-बिलू, खाली काईच नाई. पयल्या हप्त्यात मले सुई मांगा लागली. सासू म्हने, बापानं सुईबी नाई देल्ली? मंग दोरा मांगा लागला. मंग चिंध्या मांगा लागल्या, ते तुले सांगन्यासारखं नाई. मांगून मांगून मले त्या घरात तोंडच उरलं नाई. एक दिवस निंगाली न् वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं चालत घरी आली. बस. एवढंच झालं होतं. लोकं तं काय काय म्हनतात."

गावातल्या सगळ्या पोरींच्या पेट्यांमधली सुई, दोरा, चिंध्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

"तुले नसन गमत तं चाल," ती म्हणाली. "पन पेटी तू भर. मी हात लावत नाई."

मी भरायला बसलो. धोतरं, सदरे, पुस्तकं, सगळं टाकलं. रुखवत संपलं होतं तरी झाकण लागेना. आत्या बघत होती आणि तिचे हात मांडीवर एकमेकांत गच्च धरलेले होते. तिला ते बघणं किती जड जात असेल, हे तिला ओळखणाराच जाणे. तेवढ्यात वकिलांचा मुलगा घाईघाईनं आत आला. उद्या प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटायचं होतं आणि कोटाची गुंडी तुटून हातात आली होती. "तुझ्याकडे सुई आहे ना रे? आणि अशी एखादी गुंडी?"

सुई मी तळाशी टाकून बसलो होतो. सगळं उपसावं लागलं. करंड्यातून गुंडी काढली आणि आत्यानं शिकवलं होतं तसं मीच ती कोटाला शिवून दिली. पुन्हा भरायला घेतलं, तर शेजारच्या खोलीतला एक मुलगा पोट धरून आला, ओवा मागायला. उखाण्याची हौस सगळ्यांत जास्त त्यालाच. त्याच्या मागून एकजण मच्छरदाणी बांधायला सुतळी मागायला आला. एकाच्या पायाला खिळा लागला होता, त्याला चिंधी हवी होती. खिडकीबाहेर उभं राहून त्यांनी जे जे बघून हसून घेतलं होतं, ते ते त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं होतं. शेवटचा मुलगा गेला तेव्हा माझी पेटी रिकामी होती आणि सगळं सामान खाटेवर पसरलेलं होतं.

आत्या म्हणाली, "पाहुन्याले कोनी काई मांगत नाई रे."

मी खाली बसलो आणि पेटी पुन्हा लावायला घेतली. सुई वर, तिच्या शेजारी दोरा, सुतळी डावीकडं. तिनं सांगितलं नव्हतं तरी उजवा कोपरा मोकळा सोडला आणि पेटी खिडकीखाली नेऊन ठेवली. ती उठून सरांच्या बिऱ्हाडी भाकरी करायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. पाठराखिणीनं जाताना मागं पाहायचं नसतं, असं तिनंच मला बजावलं आणि मोटारीत शेवटच्या बाकावर मागं तोंड करून बसली. दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

पुढचे दिवस बरे गेले, पुष्कळच बरे गेले. इंग्रजी हळूहळू कानात शिरू लागलं. नवरी हे नाव राहिलं, पण त्यातली कुसळं गेली. माझ्या पेटीवर बसून मुलं अभ्यास करत, पोपटांना नावं ठेवत. खोलीला संत्र्यांचा वास येई तो सगळ्यांना आवडायचा. वकिलांचा मुलगा माझ्यासारखं 'काहून' म्हणायला शिकला आणि घरी तसं बोलून आईची बोलणी खाऊन आला. आज माझं घरही जठारपेठेतच आहे, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि अजून गुंडी तुटली की तो माझ्याकडेच येतो.

दिवाळीच्या सुट्टीला निघालो त्या सकाळी आजींनी निरोप धाडला, पेटी घेऊन ये. मी पेटी त्यांच्या पडवीत नेऊन ठेवली. त्यांनी आतून कागदात बांधलेलं एक नवं हिरवं लुगडं आणलं, वर नारळ ठेवला. ते लुगडं आणायला त्यांनी सरांना पिटाळलं होतं. गणिताचे प्राध्यापक दुकानात बसून लुगड्याचे काठ पारखतायत, हे दृश्य बघायला मिळालं नाही याची मला अजून हळहळ वाटते. आजी म्हणाल्या, "त्या गेल्या तेव्हा आमच्या घरात द्यायला काही नव्हतं. पाठराखीण रिकाम्या हातानं गेली, हे मनाला लागून राहिलं होतं. तुझ्या आत्याचा मान आहे हा. नीट ने." आणि माझ्या पेटीत लुगडं ठेवायला जागा त्यांनी आपणच शोधली. उजव्या कोपऱ्यात.

घरी पोचलो तेव्हा ओसरीवर सगळे होते. वडिलांनी प्रगती विचारली नाही, तब्येत विचारली नाही. ते आत्याकडे बघत होते. काकाही हातातला विळा खाली ठेवून बघत होते. आत्यानं पेटी उघडली आणि कोपऱ्यात हात घातला. हात अडला. तिनं लुगडं बाहेर काढलं.

"हे काय?"

"सरांच्या आईनं देल्लं. पाठराखिनीचा मान म्हने."

आत्यानं 'रोप लागलं' म्हटलं नाही. ती लुगडं उलगडत गेली, पदर पाहिला, काठ पाहिले, आणि मग पुन्हा घडी घालायला लागली. एक घडी घातली, ती मोडली. दुसरी घातली, तीही वाकडी झाली. गावातल्या सगळ्या लुगड्यांना वळण लावणाऱ्या त्या हातांना तेवढी एक घडी जमेना. माझ्या आईनं पुढं होऊन ते लुगडं तिच्या हातून घेतलं. वडील म्हणाले, "सुट्टी संपली का पोराची पेटी भरून दे, बाई." माझ्या कॉलेजचा निकाल असा लागला.

काका विळा उचलून पुन्हा कामाला लागले. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. पेटी अर्थातच आत्यानं भरली, पोरीचे डोळे बांधले, सुई शोधायला लावली. पाठराखीण कोण, यावर बायकांची कुजबुज चालली होती. काका मांडवातून ओसरीच्या पायरीपर्यंत आले आणि आत न बघता मोठ्यानं म्हणाले, "बाईले सांगा, ते हिरवं लुगडं नेसून तयार राह्य म्हना."

दमणी जुंपून उभी होती. नवरी रडत होती, बायका तिला धरून आणत होत्या. तिच्याही आधी आत्या बाहेर आली. हिरवं लुगडं, पाणी लावून बसवलेले केस, आणि काखेत स्वतःचं गाठोडं. मी त्या गाठोड्याकडे बघतच राहिलो. चोळीची बाही एकीकडून लोंबत होती, गाठ सुटायला आली होती, आत सगळं नुसतं बोळा करून घातलेलं.

"आत्या," मी म्हटलं, "हे काय कोंबलं? आन इकडं, बसवून देतो."

"राहू दे," ती म्हणाली आणि घाईघाईनं चाकावर पाय ठेवून चढली. "दमनी निंगून जाईन."